‘नो बेसिस’चा रकाना

अकरावीच्या मार्च महिन्यात काउन्सेलर बाईंनी आमच्या प्रत्येकाच्या हातात एक पिवळा कागद ठेवला. वर आपलं नाव, खाली दोन रिकाम्या ओळी. कॉलेजच्या अर्जासाठी शिफारसपत्र लिहायला कबूल झालेल्या दोन शिक्षकांची नावं मे संपायच्या आत तिथे लिहून द्यायची. सात विषयांचे सात शिक्षक, त्यांतले दोन. हे काय, बस घरी पोचेपर्यंत होईल, असं मला वाटलं. पहिली ओळ मी खरंच बसमध्ये भरली. ती पुढे खोडावी लागली.

आठवी डोंबिवलीच्या मराठी शाळेत संपवून मी न्यू जर्सीला आले. म्हणजे नववी ते बारावी, इथल्या हायस्कूलची चारही वर्षं इथेच काढली. पण शिक्षकांकडे बघायची नजर डोंबिवलीचीच राहिली. बाई वर्गात आल्या की पहिलं वर्षभर माझे पाय आपोआप उभं राहायला निघायचे. अशा मुलीने शिक्षकांसमोर जाऊन ‘माझ्याबद्दल चांगलं लिहून द्या’ म्हणायचं, हीच मुळात अवघड गोष्ट. आमच्याकडे चांगलं म्हणायचं असेल तर शिक्षक आपणहून म्हणतात, आणि तेही आपण समोर नसताना.

घरी विषय निघाला तर प्रत्येकाकडे उत्तर तयार. आई म्हणाली, “ज्यांनी सगळ्यात जास्त मार्क दिलेत त्यांच्याकडून घे, सोपं आहे.” बाबांना सहीचं वजन हवं होतं. “प्रिन्सिपॉलना विचार ना. नाहीतर आपल्या ओळखीचे ते काका प्रोफेसर आहेत, ते एका पायावर देतील.” प्रिन्सिपॉलशी तीन वर्षांत माझं एकच संभाषण झालं होतं, आयकार्ड हरवलं तेव्हा. काकांनी मला ओळखलं ते गणपतीत आरतीच्या वेळी झांजा वाजवणारी मुलगी म्हणून.

मग मावसभावाला फोन लावला. तो एमएस करायला आलेला, आता टेक्सासात नोकरी करतो. तो स्पीकरवर मोठमोठ्याने हसायलाच लागला. “अगं, तूच लिही आणि सरांना दे, सर सही करतात! माझी तिन्ही पत्रं मीच लिहिली होती. तिन्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटू नयेत म्हणून रात्रभर समानार्थी शब्द शोधत बसलो होतो. एका सरांनी मला मेहनती म्हटलं, दुसऱ्यांनी कष्टाळू, तिसऱ्यांनी उद्यमशील.”

इथे तसं जमत नाही. शिक्षकाला अर्जाच्या वेबसाइटकडून ईमेल जातो, तो स्वतःच्या लॉगिनने पत्र चढवतो, आणि ते विद्यार्थ्याच्या हातात पडतच नाही. ही वेबसाइट म्हणजे कॉमन ॲप. १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून सुरू केलेला सामायिक अर्ज. आज हजाराहून जास्त कॉलेजं तो घेतात. आपण मार्क, बाहेरचे उद्योग (जागा दहाच) आणि साडेसहाशे शब्दांचा निबंध भरायचा. मार्कांचा अधिकृत उतारा आणि काउन्सेलरचं पत्र शाळा पाठवते. प्रवेशाला चुरस असलेली बरीच कॉलेजं त्यावर वर्गात शिकवलेल्या शिक्षकांची एक किंवा दोन पत्रं मागतात. सगळीच मागतात असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा, तिथे बहुतेकांना पत्र लागतच नाही. एमआयटीचाही अर्ज स्वतंत्र, पण त्यांना दोन पत्रं हवीत आणि त्यांची वाटणीही ठरलेली: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा, इतिहास असल्या बाजूचं. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि यादीत एमआयटीचं नाव लिहायला पैसे पडत नव्हते, म्हणून मीही तीच वाटणी धरली. एक अलीकडचं, एक पलीकडचं.

अलीकडचं नाव बसमध्येच ठरलेलं होतं: गणिताचे सर. वर्षभराची सरासरी ९८. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात गेले, पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “तू सांगितलंस तर मी लिहीन. पण माझ्याकडे तुझ्याबद्दल जे आहे ते सगळं तुझ्या मार्कांच्या उताऱ्यावर आधीच छापलेलं आहे. तो फॉर्म कधी पाहिलास का?”

मी पाहिला नव्हता. पत्राबरोबर शिक्षकाला एक तक्ताही भरावा लागतो, हेच मला माहीत नव्हतं. सरांनी संगणकावर कोरा फॉर्म उघडून दाखवला. उभ्या ओळीत गुण लिहिलेले: अभ्यासातली प्रगती, बौद्धिक झेप, लेखन, स्वतंत्र विचार, वर्गातल्या चर्चेत भाग, कामाची शिस्त, प्रगल्भता, नेतृत्व, सचोटी, अपयश आलं की कशी वागते, दुसऱ्यांची काळजी, आत्मविश्वास, असे पंधरा, आणि शेवटी एकंदर मत. आडव्या बाजूला रकाने: सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगली, खूप चांगली, मग वरच्या दहा टक्क्यांत, वरच्या पाच टक्क्यांत, आणि अगदी टोकाला ‘आजवर पाहिलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक’. हे सगळं सुरू व्हायच्या आधी, डावीकडून पहिलाच रकाना होता ‘नो बेसिस’. म्हणजे सांगायला माझ्याकडे काही आधार नाही.

सरांनी कर्सर त्या रकान्यावरून सावकाश खाली नेला. काही बोलले नाहीत. लेखनापाशी जरा थांबला. चर्चेपाशी थांबला. अपयशापाशी बराच वेळ. त्यांच्या विषयात मी कधी अडले नव्हते, त्यामुळे अडल्यावर मी काय करते हे त्यांना कुठून कळणार? सप्टेंबरपासून मी त्यांच्या वर्गात आपणहून दोनदा बोलले होते, हे मी बसमध्ये बोटांवर मोजलं. त्यातल्या एकदा बाथरूमला जाऊ का, असं विचारलं होतं.

त्या संध्याकाळी मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे राग आला होता. ९८ टक्के मिळवूनही माणूस आपल्याला ओळखत नाही म्हणजे काय! दोन दिवसांनी रागाचा जोर ओसरला तेव्हा लक्षात आलं, की सरांनी मला एक मोठी फजिती टाळून दिली होती. त्यांना सहज ‘हो’ म्हणता आलं असतं. मग माझ्या नावाने चार ओळींचं गुळगुळीत पत्र गेलं असतं, आणि ते गुळगुळीत आहे हे मला जन्मात कळलं नसतं.

तो कोरा फॉर्म इंटरनेटवर मिळतो. मी त्याच्या सहा प्रती छापल्या आणि उरलेल्या सहा शिक्षकांच्या वतीने स्वतःच भरायला घेतल्या. नियम असा केला, की कुठल्याही गुणापुढे खूण करायची तर त्या शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग शेजारी लिहायचा. प्रसंग आठवला नाही तर मुकाट्याने ‘नो बेसिस’. मी ‘शिस्तीची आहे’ असं मला वाटून उपयोग नाही. बाईंना ते कधी, कशावरून दिसलं?

हा खेळ मी ज्याला त्याला करायला सांगते, कारण त्यात जे दिसतं ते मार्कांत दिसत नाही. संगीताच्या सरांच्या फॉर्मवर मी बऱ्यापैकी श्रीमंत होते, पण कॉलेजांना सहसा गणित, विज्ञान, भाषा, इतिहास अशा मुख्य विषयाचा शिक्षक लागतो, आणि तोही शक्यतो अकरावीचा. स्पॅनिशच्या बाईंच्या फॉर्मवर सगळे प्रसंग एकाच रकान्यातले निघाले: वेळेवर गृहपाठ. इंग्रजीच्या बाईंचा फॉर्म छान भरला. केमिस्ट्रीच्या सरांचा सगळ्यात जास्त भरला, आणि तिथेच मी अडखळले. कारण त्यांनी मला पहिल्या सत्रात सी प्लस दिला होता.

इंग्रजीच्या बाईंचं आधी सांगून टाकते. मला त्या फार आवडायच्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनाही आवडायच्या, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात विचारायला गेले तेव्हा बाईंनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला: पंधरा नावं, सगळ्या ओळी भरलेल्या. वर्षाला पंधराच पत्रं लिहायची असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलेलं होतं, आणि ते योग्यच होतं. या लिहिण्याचे शाळा वेगळे पैसे देत नाही; एकेका पत्राला रविवारची दुपार जाते. मला वाईट वाटलं ते मी उशीर केल्याचं. भिडस्तपणाची किंमत असते आणि ती नेमकी आवडत्या माणसाच्या बाबतीत वसूल होते.

आता केमिस्ट्री.

ऑक्टोबरात टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये आम्ल किती ते काढायचं. बाटलीवर पाच टक्के छापलेलं. व्हिनेगर फ्लास्कमध्ये, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या, खाली तोटी असलेल्या उभ्या नळीतून, थेंब थेंब अल्कली सोडायची. फिका गुलाबी रंग आला आणि टिकला की तोटी बंद. माझे तिन्ही वेळचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, हात चांगला बसला होता, आणि उत्तर आलं ५.३. जोडीदार म्हणाला, लिही पाच आणि चल घरी, सगळे तेच करतायत. मी ५.३ लिहिलं आणि फरक का पडला या रकान्यात लिहिलं ‘ह्यूमन एरर’. वही परत आली तेव्हा त्या दोन शब्दांखाली लाल रेघ आणि शेजारी प्रश्न: ‘कोणता मनुष्य? कोणती चूक?’

हा प्रश्न मला असा काही लागला, की मी पुढचे दोन दिवस शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जाऊन बसले. द्रावण पुन्हा केलं, वजनकाटा तपासला, ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा आहे का ते पाहिलं. सर त्यांच्या टेबलाशी वह्या तपासत होते, मध्येच बघत होते, मदत करत नव्हते. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी ब्युरेटमध्ये नुसतं पाणी भरलं आणि एकेक मिलीलिटर खाली सोडत गेले. पाणी खाली चाललंय आणि आकडे वाढतायत. शून्य वर असतं! मोजपात्रात आकडे खालून वर चढतात, ब्युरेटमध्ये वरून खाली उतरतात. मी खालच्या बाजूचा मोठा आकडा धरत होते आणि मधल्या बारीक रेघा मोजपात्रासारख्या खालून वर मोजत होते. २२.४ चे मी २३.६ वाचले होते. तिन्ही वेळा हीच चूक, इमानेइतबारे.

“अय्या!” मी ओरडले. सरांनी मान वर करून विचारलं, हा कुठला शब्द? मी सांगितलं, की एखादी गोष्ट नाकासमोर असून दिसली नव्हती ती दिसली की आमच्याकडे हा शब्द येतो. मग जुने आकडे एका रेघेने खोडून, शेजारी तारीख घालून, चूक काय होती ते लिहिलं. नवं उत्तर पाचाच्या अगदी जवळ. मार्क बदलले नाहीत. “रिपोर्टची मुदत शुक्रवारी संपली,” सर म्हणाले. सी प्लस तो सी प्लसच.

आता फॉर्म बघा. सचोटी: प्रसंग आहे. अपयश आल्यावर: प्रसंग आहे, सरांनी दोन दिवस डोळ्यांनी पाहिलेला. शिस्त, चिकाटी, स्वतःहून केलेलं काम, सगळीकडे काहीतरी लिहायला होतं. मार्क नव्हते तेवढे. पण मार्क तर उताऱ्यावर कॉलेजला दिसणारच होते, आणि पुढच्या सत्रांत ते सुधारलेलेही दिसणार होते. तो सी प्लस कशाचा होता हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. आईला हे पटवायला वेळ लागला. “ज्यांनी सी दिला त्यांच्याकडेच चाललीस?” तिने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळ्या सुरात.

पलीकडच्या बाजूला उरल्या हिस्टरीच्या बाई. कडक. त्यांची पत्रं कोरडी असतात अशी मुलांत बोलवा होती, पण पत्र तर कोणीच वाचलेलं नसतं, मग ही बातमी आली कुठून हे मी कोणाला विचारलं नाही. जानेवारीत त्यांनी राज्याच्या इतिहासावर दहा पानांचा निबंध सांगितला होता. मी पॅटरसनचा संप घेतला. पॅटरसन आमच्यापासून फार लांब नाही, एके काळी रेशमाच्या गिरण्यांचं शहर. १९१३च्या फेब्रुवारीत तिथल्या सुमारे २५ हजार कामगारांनी संप केला तो जुलैपर्यंत चालला. विणकराने दोन मागांऐवजी चार माग सांभाळायचे या फर्मानावरून ठिणगी पडली. पुढे आठ तासांच्या दिवसाची मागणी आली. जूनमध्ये तर कामगारांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपल्याच संपाचं नाटक स्वतः उभं राहून केलं. संप फसला.

हे वाचताना मला सारखे आजोबा आठवत होते. आजोबा लालबागला गिरणीत साचा खात्यात होते; तिकडे मागाला साचा म्हणतात. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले त्यांत ते एक. पुन्हा आत गेलेच नाहीत. डोंबिवलीला येऊन एका दुकानात हिशेब लिहायला लागले. एका रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी फोनवर त्यांना पॅटरसनच्या दोनाच्या चार मागांची गोष्ट वाचून दाखवली. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “अगं, दोन साचे असले की माणूस त्यांच्यामधून चालतो. चार झाले की धावतो. धावणाऱ्याला धागा तुटलेला दिसत नाही, आणि मग कापड खराब झालं की पगार त्याचाच कापतात. तिथले काय नि इथले काय.”

ते वाक्य मी निबंधात तसंच घातलं. बाईंनी समासात लिहिलं, ‘हे कुठून आणलंस?’ मी सांगितलं, फोनवरून. बाई म्हणाल्या, मग तळटीप लागेल: कोणाची मुलाखत, कुठे काम, किती वर्षं, संभाषण कोणत्या तारखेला. आणि दुसऱ्यांदा फोन करून वाक्य बरोबर टिपलं आहेस का ते विचार. माणूस ओळखीचा आहे म्हणून तपासणी सुटत नाही. मी पुन्हा फोन केला. आजोबांनी ‘पगार’च्या जागी ‘हप्ता’ करा म्हणून सांगितलं, आणि मी इंग्रजी भाषांतर केल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. पण इंग्रजी निबंधाच्या सातव्या पानावर आपलं नाव तळटिपेत छापलंय हे त्यांनी चाळीतल्या जुन्या मंडळींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. मला बी प्लस मिळाला. कोरड्या बाईंकडून बी प्लस.

या वेळी विचारण्याचं वाक्य मी बदललं. गणिताच्या सरांना मी ‘पत्र लिहाल का?’ असं विचारलं होतं. त्याला नाही म्हणणं शिक्षकाला जड जातं. केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, “माझ्याबद्दल भरीव लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता, असं तुम्हाला वाटतं का? नसेल वाटत तर मोकळेपणाने सांगा.” समोरच्याला बाहेर पडायला दार ठेवायचं, म्हणजे तो आत आला तर मनापासून आलेला असतो. सरांनी अर्धं मिनिटही घेतलं नाही. “अय्या,” ते म्हणाले. उच्चार भयंकर होता. बाईंनी ‘विचार करून उद्या सांगते’ म्हटलं आणि खरोखर उद्या सांगितलं. पिवळ्या कागदावर गणिताच्या सरांचं नाव खोडून ही दोन लिहिली आणि दिला एकदाचा.

पुढचं काम म्हणजे शिक्षकांना स्वतःची माहिती लिहून द्यायची. इथली मुलं त्याला ब्रॅग शीट म्हणतात. सरळसरळ फुशारकीचा कागद! आत्मस्तुती वाईट असं ऐकत वाढलेल्या पोरीला यात फार त्रास होईल असं वाटलं होतं, पण एकदा सुरू झाल्यावर मी चार पानं भरली. सहावीतली शिष्यवृत्ती परीक्षासुद्धा सोडली नाही. केमिस्ट्रीच्या सरांनी चारही पानं चाळून परत दिली. हे सगळं तुझ्या अर्जात असणारच आहे, ते मी पुन्हा कशाला लिहू? मला माझ्या वर्गातल्या तीन गोष्टी लिहून दे, ज्या मी विसरलो असेन. तीनच, आणि तारखांसह. मग घरी भरलेला फॉर्म उपयोगी पडला. चार पानांचं अर्धं पान झालं.

एका खुणेवरून घरात वाद झाला तोही सांगायला हवा. अमेरिकेत १९७४चा एक कायदा आहे, फेर्पा म्हणतात त्याला. त्यानुसार विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क असतो. प्रवेश घेतल्यावर कॉलेजने ही पत्रं जपून ठेवली असतील तर तीही मागता येतात. पण शिक्षकांना आमंत्रण पाठवण्याआधीच अर्ज विचारतो, की हा हक्क सोडता का? बाबा खुर्चीत ताठ बसले. “हक्क आपणहून सोडायचा? न वाचता सही?” काउन्सेलर बाईंचं म्हणणं असं, की विद्यार्थी वाचणार नाही हे ठाऊक असलं की शिक्षक मोकळं लिहितात आणि कॉलेजही त्यावर जास्त विश्वास ठेवतं, काही शिक्षक तर त्याशिवाय लिहायलाच तयार नसतात. बाबांचं तत्त्व खरं होतं, बाईंचा व्यवहार खरा होता. मी हक्क सोडला. त्या चौकोनात खूण करताना मात्र पोटात जरा हललं.

१ ऑगस्टला नव्या वर्षाचा अर्ज उघडला. सप्टेंबरात शिक्षकांचे ईमेल पत्ते टाकून आमंत्रणं पाठवली, कॉलेजांची यादी आणि तारखा दोघांना वेगळ्या कळवल्या, आणि निबंधाच्या मागे लागले. पहिली मुदत १ नोव्हेंबरची. केमिस्ट्रीच्या सरांच्या नावापुढे ‘मिळालं’ अशी खूण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आली. बाईंच्या नावापुढे काही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी वर्गाबाहेरून जाताना आत डोकवायचे, बाई हसायच्या, मी हसायचे, दोघीही काही बोलायचो नाही. आठवण करायची म्हणजे तगादा लावल्यासारखं. आधीच उपकार मागितलेला!

२९ ऑक्टोबरच्या रात्री, त्या वर्षी दिवाळीही नेमकी त्याच आठवड्यात होती आणि आई चकल्या तळत होती, मी शेवटी तोंड धुऊन ईमेल लिहायला बसले. पत्ता टाइप केला आणि अर्जातल्या पत्त्याशी ताडून पाहिला. बाईंच्या आडनावातली दोन अक्षरं मी उलटीपालटी टाकली होती. आमंत्रण सात आठवडे कुठल्यातरी नसलेल्या पत्त्यावर पडून होतं. कोणता मनुष्य, कोणती चूक. मी आईला हाक मारली, ती झारा घेऊनच आली.

सकाळी पहिल्या तासाआधी बाईंसमोर उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, पत्र तर जुलैतच लिहून झालंय, मला वाटलं तुझी कॉलेजांची यादी अजून ठरते आहे. योग्य पत्त्यावर आमंत्रण गेलं आणि दुपारच्या सुट्टीच्या आत खूण उमटली. शिक्षकांचं पत्र मुदतीनंतर एक-दोन दिवसांनी पोचलं तरी कॉलेजं सहसा चालवून घेतात, हे मला नंतर काउन्सेलर बाईंनी सांगितलं. आधी माहीत असतं तर रात्री झोप लागली असती. पण मग मी कदाचित अजून एक दिवस लाजत काढला असता.

दोघांना हाताने लिहिलेली कार्डं दिली. आईला शाल द्यायची होती, ती मी होऊ दिली नाही. चकल्यांचा डबा मात्र थांबवता आला नाही. गणिताच्या सरांनाही एक कार्ड दिलं. त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, मी तर काहीच लिहिलं नाही. मी म्हटलं, त्याबद्दलच.

एमआयटीने नाही म्हटलं. दुसऱ्या चार ठिकाणी हो झालं, त्यातल्या एका कॉलेजात आता पहिलं वर्ष चालू आहे. पत्रांचा त्यात किती वाटा होता ते कोणी सांगत नाही.

आजोबांना मात्र एकच प्रश्न पडलेला आहे. दर रविवारी फोनवर अभ्यास, थंडी, जेवणखाण झालं की आवाज जरा खाली आणून विचारतात, “त्या इतिहासाच्या बाईंनी पत्रात माझं लिहिलं होतं का गं? साच्यांचं?”

“आजोबा, मला बघताच येत नाही ते. मी हक्क सोडलाय.”

“सही करून सोडलास?”

“हो.”

“मग मी लिहिलंय असंच धरून चालतो,” ते म्हणतात, आणि फोन आजीकडे देतात.